दोरी ओढा, दार उघडेल

फेरारीच्या नावानं मोटारी निघायला लागल्याला १९८७ साली चाळीस वर्षं झाली. एन्झो फेरारी तेव्हा एकोणनव्वद वर्षांचे होते. या वयात माणसं चार ओळखीच्यांना जेवायला बोलावतात आणि लवकर झोपतात. यांनी ४७८ अश्वशक्तीची, ताशी ३२० किलोमीटरच्या पुढे जाणारी एफ-४० काढली. तिच्यात बसून झाल्यावर बाहेर पडायचं म्हटलं तर दाराला आतून मूठ सापडत नाही. एक दोरी लोंबत असते, ती ओढायची.

गालिचा नाही. रेडिओ नाही. हातमोजे ठेवायचा कप्पा नाही. आतल्या सांध्यांवर डिंक सुकलेला उघड दिसतो आणि तो पुसायची तसदी कुणी घेतलेली नाही. सुरुवातीच्या गाड्यांच्या खिडक्या प्लॅस्टिकच्या आणि हातानं सरकवायच्या. रंगाचा थर इतका पातळ की खालच्या कार्बन फायबरची वीण डोळ्याला दिसते. एसी मात्र ठेवलेला. पाठीला दोन टर्बोचं इंजिन तापत असताना वैराग्यालाही मर्यादा येते.

हे सगळं बघून गिऱ्हाईक भडकलं असेल असं तुम्हाला वाटेल. गिऱ्हाईक रांगेत उभं राहिलं. चारशे गाड्या बनवायचा बेत होता, तेराशेच्या वर बनवाव्या लागल्या. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये एन्झो वारले, त्यामुळे ‘साहेबांनी स्वतः पास केलेली शेवटची फेरारी’ असा शिक्का तिच्यावर बसला आणि दोरीचा भाव आणखी चढला.

या विषयावर बोलायचा माझा अधिकार काय, असं कुणी विचारायच्या आत सांगतो. माझ्याकडे एक म्हातारी हॅचबॅक आहे. तिच्या काचा हँडलनं फिरवाव्या लागतात, पहिल्या गिअरला क्लच थरथरतो, आणि चौकात सिग्नल हिरवा झाला की ती स्वतःच्या मर्जीनं बंद पडते. थोडक्यात, एन्झो फेरारींनी जे मुद्दाम केलं ते आमच्याकडे आपोआप झालं आहे. बाकीचं ज्ञान मासिकांतून आलेलं, आणि अलीकडे मोटार कंपन्यांच्या कॉन्फिग्युरेटरवरून. हा मोठा फुकटचा नाद आहे. रात्री जेवणं झाली की मी फोनवर पोर्शे बनवायला बसतो. रंग, चाकं, सीटची शिलाई, सगळं निवडायचं, खाली युरोत आकडा वाढताना बघायचा आणि फोन चार्जिंगला लावायचा. ‘‘झोपा आता, उरलेली गाडी उद्या बनवा,’’ असं बायको म्हणते.

तिथेच मला फ्यूजबॉक्सचं झाकण भेटलं. पोर्शेच्या यादीत एसीच्या झडपेच्या पट्ट्यांना चामडं लावून मिळतं, सीटबेल्ट हव्या त्या रंगाचा मिळतो, आणि फ्यूजबॉक्सच्या झाकणालाही चामडं चढवून मिळतं. ते झाकण दार उघडल्याशिवाय दिसत नाही. तिथे हात घालतो तो फक्त इलेक्ट्रिशियन, आणि तोही वैतागलेला. त्याच्या बोटांना मऊ लागावं म्हणून कुठल्याशा कुरणातल्या बैलानं देह ठेवलेला असतो. असं करत करत यादीच्या तळाशी पोचेपर्यंत चामड्याच्या, रंगाच्या आणि शिलाईच्या पैशांत दुसरी एखादी बऱ्यापैकी मोटार आली असती.

पण खरी करामत पुढे आहे. आधी ज्यांनी सगळं भरायचे पैसे घेतले, त्यांनीच मग सगळं काढायचे पैसे घ्यायला सुरुवात केली. २०१० साली पोर्शेनं बॉक्स्टर स्पायडर आणली. वजन १२७५ किलो. एसी नाही, रेडिओ नाही, आतून दार उघडायला कापडाची पट्टी, आणि छत म्हणजे कॅनव्हासचा एक तुकडा, तो पावसात खाली उतरून हातानं ताणून बसवायचा. छत लावलं असेल तर ताशी २००च्या वर जाऊ नका, अशी सूचना. किंमत? एसी-रेडिओवाल्या बॉक्स्टर एसपेक्षा जास्त. एसी हवा असेल तर त्याचे पैसे आणखी वेगळे! आपल्याकडे हॉटेलात उपासाची थाळी साध्या थाळीपेक्षा महाग असते आणि तिला कुणी नावं ठेवत नाही, उलट आज उपास आहे असं शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं जातं, तसलाच हा जर्मन उपास.

त्यानंतर २०१३ साली त्याच कंपनीनं ९११ जीटी-३ मधून मॅन्युअल गिअर काढून टाकला. त्यांचं गणित बरोबर होतं. दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स माणसापेक्षा लवकर गिअर बदलतो, शर्यतीच्या ट्रॅकवर सेकंद वाचतात. पण ज्यांनी गाडी घ्यायची त्यांना सेकंद वाचवायचेच नव्हते. त्यांना डावा पाय कामाला लावायचा होता. भक्तमंडळी इतकी दुखावली की २०१६ मध्ये कंपनीनं ९११ आर काढली : ५०० अश्वशक्ती, सहा गिअर, तेही मॅन्युअलच, दाराला पुन्हा ती पट्टी, आणि एकूण गाड्या फक्त ९९१. बघता बघता या गाड्या मूळ किमतीच्या कित्येक पटीनं विकल्या जाऊ लागल्या. क्लचच्या पेडलला सोन्याचा भाव आला. पुढल्या वर्षी कंपनीनं साध्या जीटी-३ वरही मॅन्युअल गिअर जादा पैसे न घेता द्यायला सुरुवात केली, तेव्हा ९११ आर गुंतवणूक म्हणून गॅरेजात झाकून ठेवणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली असणार. गाडी चालवण्याच्या निर्भेळ आनंदासाठी घेतलेली ती गाडी त्यांनी चालवलीच नव्हती.

या पंथाचे मूळपुरुष म्हणजे लोटस कंपनीचे कॉलिन चॅपमन. त्यांचा हिशेब असा : ताकद वाढवली तर सरळ रस्त्यावर वेग मिळतो, वजन घटवलं तर सगळीकडे. शर्यतीत हा हिशेब फळला, आणि हलक्या भागांची किंमत काही चालकांनी जिवानं मोजली हेही खरं. त्याबद्दल थट्टा नको. ते १९८२ साली गेले. त्यांच्या मागं १९९६ साली आलेली एलिस ही त्यांच्या विचारांची सगळ्यांत गोड नात. डिंकानं चिकटवलेली ॲल्युमिनियमची चौकट, वजन ७२५ किलोच्या आसपास, आत ॲल्युमिनियम तसंच उघडं. तिच्यात शिरणं आणि तिच्यातून निघणं हा योगासनाचा प्रकार होता, पण एकदा आत बसलं की सव्वाशेच्या आतल्या अश्वशक्तीत लोक दिवसभर हसत फिरत.

२०१७ साली लोटस चीनच्या जीलीकडे गेली. २०२२ मध्ये त्याच नावानं इलेत्रे आली : विजेवर चालणारी एसयूव्ही, वजन अडीच टनांच्या घरात. म्हणजे तीन एलिस, आणि त्यांच्यावर चार जाड माणसं. जास्त पैसे दिले तर केईएफ कंपनीचे तेवीस स्पीकर. २०२३ मध्ये ती भारतातही आली, किंमत अडीच कोटींच्या वरून सुरू. सगळ्यांत जोरकस इलेत्रे शंभराचा वेग तीन सेकंदांच्या आत गाठते. त्या तीन सेकंदांत तेवीस स्पीकरांवर कुठलं गाणं संपतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. तरी लोटसला हसायचं कुणाच्या जिवावर? एलिस घेणारे थोडे आणि तिच्या आठवणी काढणारे फार, अशा हिशेबात कारखाने चालत नाहीत.

चॅपमनचा १९५७ सालचा लोटस सेव्हन मात्र अजून जिवंत आहे. १९७३ पासून तो केटरहॅम या नावानं बनतो. तो मला सगळ्यांत जवळचा, कारण इथे ढोंग कमी आहे. सेव्हनच्या यादीत ‘जादा सोयी’ म्हणून काय काय येतं ते बघा : मॉडेलप्रमाणे पुढची काच, दारं, गालिचा, हीटर. आणि रंग! रंग नको असेल तर गाडी बिनरंगाची मिळते. जोडणीचे पैसेही वाचवायचे असतील तर खोक्यांतून सुटे भाग घरी येतात, ते गॅरेजात बसून आपण जोडायचे. २०१३ साली आलेल्या ‘१६०’ या सेव्हनमध्ये इंजिन कुठलं, तर सुझुकीच्या छोट्या जपानी गाड्यांसाठीचं ६६० सीसी, तीन सिलिंडरचं. मागचा आसही सुझुकीचाच. वजन ४९० किलो, म्हणजे आपल्या मारुती ८०० पेक्षाही चांगलं दीडशे किलो कमी. एवढ्या काटकसरीचे पैसे मात्र त्यांनी मारुती ८०० च्या हिशेबानं घेतले नाहीत.

पुणेकरांनी या वैराग्यात हातभार लावलेला आहे, हे फार जणांच्या लक्षात नाही. बजाजनं २००७ साली ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये पैसे घातले, आणि पुढच्याच वर्षी केटीएमनं एक्स-बो ही मोटार बाजारात आणली. दारं नाहीत, छप्पर नाही, पुढची काचही नाही. वजन आठशे किलोच्या आत. चालवायची तर हेल्मेट घालून. चाकणला केटीएमच्या मोटरसायकली बनू लागल्या, एक्स-बो काही इथे आली नाही, आणि ते बरंच झालं. हेल्मेट घालायचंच असेल तर पुणेकर चार चाकांवर खर्च कशाला करेल?

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. २००५ च्या बीएमडब्ल्यू एम-५ मध्ये ५०७ अश्वशक्तीचं दहा सिलिंडरचं इंजिन होतं, पण गाडी सुरू केली की ते चारशेच देई. उरलेल्या शंभरांसाठी एक बटण दाबायचं. पैसे पाचशे सात घोड्यांचे भरलेले, आणि रोज सकाळी शंभर घोडे तबेल्यात झोपलेले. शिवाय गिअर किती झपाट्यानं पडावा, धक्के किती कडक बसावेत, घसरताना संगणकानं किती धावून यावं, प्रत्येकाच्या पायऱ्या वेगळ्या. मालक गाडीत बसून आधी अर्ज भरायचा, मग निघायचा. २००७ च्या निस्सान जीटी-आरनं त्यावर कडी केली. तिच्या पडद्याची मांडणी ‘ग्रान तुरिस्मो’ हा व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांनी केलेली. जपानमध्ये ती ताशी १८० वर स्वतःला आवरते. उपग्रहाकडून आपण शर्यतीच्या ट्रॅकवर आहोत याची खात्री पटली तरच लगाम सोडते. म्हणजे आई घरात आहे की नाही ते बघूनच मस्ती करणारी मोटार.

मग सगळीकडे काचेचे पडदे आले. २०२२ साली स्वीडनच्या ‘व्ही बिलेगारे’ या मासिकानं एक साधी परीक्षा घेतली : ताशी ११० च्या वेगानं जाताना एसी, रेडिओ, दिवे अशा चार कामांना किती वेळ लागतो? २००५ सालची, बटणांनी भरलेली जुनी व्होल्वो व्ही-७० पहिली आली, दहा सेकंदांत. पडद्याच्या एका नव्या मोटारीला पंचेचाळीस सेकंदांच्या आसपास लागले आणि तेवढ्यात ती १३७२ मीटर पुढे गेली. आता हेच स्पोर्ट्स कारच्या वेगाला लावून बघा. सीटची ऊब कमी करायला घ्यायची मिलानमध्ये, आणि ती कमी होणार बर्गामोत.

फेरारीसुद्धा या नादातून सुटली नाही. २०१९ च्या एसएफ-९० पासून तिच्या स्टिअरिंगवरची बटणं गुळगुळीत झाली, नुसतं बोट टेकवायचं. गाडी सुरू करायचं बटणही तसंच. हजार अश्वशक्तीचा राक्षस जागा करायचा आणि बोटाला काहीच कळायचं नाही. लोक कुरकुरले. २०२५ मध्ये अमाल्फी आली तेव्हा दाबलं की दबणारं, ॲल्युमिनियमचं बटण परत आलं, आणि कंपनीनं ते एखादा शोध लावावा तशा थाटात दाखवलं.

युरोपात आणखी एक गंमत सुरू आहे. जुलै २०२४ पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीनं वेगमर्यादा ओलांडली की चालकाला सावध करायचं, असा नियम आहे. बंद करता येतं, पण गाडी पुन्हा सुरू केली की ते पुन्हा चालू. म्हणजे ताशी तीनशेच्या घरात जाणारी मोटार घ्यायची आणि शाळेसमोर तीस ऐवजी तेहेतीस झालं की तिचीच बोलणी खायची. मी याच्या बाजूचा आहे. तीनशेचा परवाना मिळाला म्हणून शाळेसमोरची पोरं जोरात पळायला लागत नाहीत.

आणि आता जरा रास्त बोलू. साधेपणाचे जे भाट आहेत, ते कोरड्या रस्त्यावर, उन्हात, टोपी घालून बोलतात. एफ-४० ला एबीएस नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, चाक घसरलं तर सावरणारं काही नाही. टर्बोची ताकद आधी येत नाही, येत नाही, आणि मग एकदम येते, बहुतेक वळणावर. पाऊस पडल्यावर त्या दोरीकडे लोकांचं जास्त लक्ष जात असेल. ब्रेक, टायर आणि माणूस यांच्या मधे बसलेला संगणक हा चैनीचा भाग नव्हे. त्यानं माणसं वाचवली आहेत. माझा राग फ्यूजबॉक्सच्या चामड्यावर आहे. आणि एक खेळणं तर मला मनापासून हवं आहे : नव्या ९११ ला पुढचं नाक वर उचलायची सोय मिळते, आणि जिथे ते उचललं ती जागा ती उपग्रहाच्या मदतीनं लक्षात ठेवते. पुढच्या वेळी तिथं पोचलं की आपणहून नाक वर. फक्त ही सोय बनवणाऱ्यानं आमच्या पेठेतला रस्ता पाहिलेला नसावा. इथे स्पीडब्रेकर रात्रीत उगवतो, त्यामुळे लक्षात ठेवण्यापेक्षा गाडीनं कायमचंच नाक वर करून चालावं हे बरं.

यंत्रापेक्षा यंत्रातला संगणक आधी म्हातारा होतो, हा धडा मॅकलॅरेननं शिकून ठेवला आहे. गॉर्डन मरे यांची १९९२ सालची मॅकलॅरेन एफ-१ ही साधेपणाची परमावधी : चालक मधोमध, बीएमडब्ल्यूचं बारा सिलिंडरचं इंजिन, उष्णता परतवायला इंजिनभोवती सोन्याचा वर्ख. १९९८ मध्ये ती ताशी ३८६ किलोमीटरनं धावली. पण तिची प्रकृती तपासायचं सॉफ्टवेअर ज्या जुन्या कॉम्पॅक लॅपटॉपवर चालायचं, तेच लॅपटॉप मॅकलॅरेनचे मेकॅनिक पुढे वीसेक वर्षं जपून वापरत होते, असं २०१६ मध्ये बाहेर आलं. गाडीची किंमत कोटीकोटींनी वाढत गेली, आणि तिची नाडी ज्याला कळते तो लॅपटॉप जुन्या बाजारात शोधावा लागला.

बुगाटीनं म्हणूनच २०२४ च्या तुर्बियोंमध्ये पडदा लपवून ठेवला आहे. तो हवा असेल तेव्हाच वर येतो. चालकासमोर काटे आहेत, स्विस घड्याळजींनी बनवलेले, सहाशेवर सुटे भाग, टायटॅनियम आणि नीलमणी. किंमत करांआधी ३८ लाख युरो. वेग किती झाला हे सांगायचं काम माझ्या हॅचबॅकचा काटाही करतो, फक्त तो साठच्या पुढे जरा थरथरतो.

या सगळ्यावर आता एक नवी कळा आली आहे, आणि ती मला भाच्याकडून समजली. भाचा हिंजवडीत एका परदेशी कंपनीसाठी मोटारींचं सॉफ्टवेअर लिहितो. विजेच्या मोटारीला गिअर नसतात, आवाज नसतो. ती नुसती जाते. लोकांना ते आवडेना. म्हणून ह्युंदाईनं २०२३ मध्ये आयोनिक-५ एन आणली, सहाशेच्या वर अश्वशक्तीची, आणि तिच्यात खोटे आठ गिअर घातले. गिअर बदलला की गाडी खरा धक्का देते. बदलायला विसरलात तर इंजिन ओरडल्यासारखं स्पीकर ओरडतात, आणि मन झालं तर लढाऊ विमानाचाही आवाज निघतो. स्वीडनच्या कोनिगसेगनं सीसी-८५० मध्ये असा गिअरबॉक्स बसवला आहे की तो नऊ गिअरचा स्वयंचलित आहे, पण मालकाला हुक्की आली तर सहा गिअरचा मॅन्युअल असल्याचं सोंग घेतो, क्लचच्या पेडलसकट. लेक्ससनं तर विजेच्या मोटारीत नकली क्लच बसवून दाखवला, आणि तो चुकीचा सोडला तर गाडी बंद पडते. बंद पडायला आत काही नाही, तरी बंद पडते.

‘‘मामा, आमच्याकडेही तेच चाललंय,’’ भाचा म्हणाला. ‘‘गेल्या आठवड्यात जर्मनीहून तक्रार आली. गाडी नीट बंद पडत नाही.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे बंद पडते, पण खोटी वाटते. फार सफाईदार. ते म्हणतात, जरा हिसका हवा, आधी थरथर हवी, मग एकदम गप्प. आणि मागचा हॉर्न वाजवतो तेव्हा परत सुरू करताना एकदा चुकायला हवी.’’

मी चहाचा कप खाली ठेवला. तो बराच वेळ खिडकीतून खाली बघत होता, तिथे माझी हॅचबॅक उभी होती.

‘‘मामा, तुझी गाडी दोन दिवस देतोस का ऑफिसला? सेन्सर लावून रेकॉर्डिंग करू. काही बिघडवणार नाही.’’

‘‘आणि दुरुस्तीला टाकायची म्हणत होतो, त्याचं काय?’’

‘‘रेकॉर्डिंग होईपर्यंत अजिबात टाकू नकोस,’’ तो घाईघाईनं म्हणाला. ‘‘आणि काही बदललंस तर आधी मला सांग. मॅनेजरला मी काल तिचा व्हिडिओ दाखवला. तो म्हणाला, हे तर लक्झरी व्हेरियंटमध्ये टाकू.’’